बिनकठड्याचा पूल

अनुजाला ते स्वप्न पडायचं दुपारी. जेवणं उरकून, भांडी पालथी घालून ती मोनाला कुशीत घेऊन आडवी व्हायची. आधी मोनाचा डोळा लागायचा, तिची दूध ओढण्याची लय सैल पडायची आणि त्या सैल लयीतच अनुजाही कधी झोपली ते तिला कळायचं नाही. मग तो पूल यायचा. लांबलचक, अरुंद, दोन्ही बाजूंना कठडा नाही. खाली मातकट पाणी आणि त्या पाण्याचा असा आवाज, की कुणी हाका मारल्या तरी ऐकू येऊ नयेत. अनुजा त्या पुलाच्या मधोमध. एवढंच. जाग यायची ती मोनाच्या चुळबुळीनं आणि छाती धडधडत असायची.

आठवड्यात तीनदा पडलं. तिसऱ्यांदा पडलं तो बुधवार होता आणि येत्या सोमवारी तिला मलकापूरला कामावर हजर व्हायचं होतं.

मलकापूरच्या एका दवाखान्यात ती रक्त तपासायचं काम करायची. नोकरी कंत्राटी, रजा एकदा वाढवून घेतलेली, आता आणखी वाढणार नव्हती. सोमवारी या, नाहीतर तसं कळवा, दुसरं माणूस घेतो, असा निरोप आला होता. निरोप देणाऱ्यांचं काही चुकत नव्हतं. अडचण मोनाची होती. मोना सात महिन्यांची झाली होती आणि आईच्या दुधाशिवाय जगात आणखी काही खाण्यासारखं असतं हे तिला मान्य नव्हतं. बाटली झाली, बोंडलं झालं, वाटी-चमचा झाला. नाचणीची पेज, मुगाचं पाणी, कुस्करलेलं केळं, सगळं ती आधी जिभेवर घ्यायची, क्षणभर विचार केल्यासारखी थांबायची आणि समोरच्याच्या अंगावर उडवायची. सकाळी सातला घर सोडून संध्याकाळी सहाला परत येणाऱ्या आईनं अशा लेकराचं काय करायचं, हे कुठल्या तपासणीत दिसत नव्हतं.

स्वप्नाचं ती कुणाला सांगणार नव्हती. पण त्या बुधवारी ती 'आई गं' म्हणून ओरडूनच उठली आणि उंबऱ्यात तिच्या सासूबाई झुंबरबाई शेजारच्या चिमणाबाईंसोबत तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"काय झालं ग?" झुंबरबाईंनी आत बघितलं.

"काय न्हाय आत्ती, स्वप्न पडलं."

एवढं पुरे झालं. शिवाजी पेठेतल्या त्या गल्लीत स्वप्नाचा अर्थ सांगावा तर चिमणाबाईंनीच. फुटबॉलच्या फायनलच्या आधी तालमीच्या संघातली दांडगी पोरंसुद्धा हळूच त्यांच्या दारात येऊन उभी राहायची. त्यांनी सूप बाजूला सारलं आणि डॉक्टरनं नाडी बघावी तशी विचारपूस सुरू केली.

"पूल दगडी का शिमिटाचा?"

"शिमिटाचा असंल."

"पाणी निवळ का गढूळ?"

"गढूळ."

"संगं कोण व्हतं?"

"कोण न्हाय. एकटीच."

"आन् कठडा?"

"कठडा न्हवता."

चिमणाबाईंनी तोंडानं 'च्च' केलं. "पूल म्हंजे ह्या घरातनं त्या घरात जाणं. लगीन ठरायच्या आदी पोरींला दिसतो, त्यो चांगला. पण लगीन झालेल्या बाईला दिसावा, त्यात बिनकठड्याचा, म्हंजे सासरच्यांचा हात न्हाय पाठीवर. पाणी बी गढूळ. सोमवारचं जाणं काय खरं न्हाय बघ तुझं."

"कुणाचा हात न्हाय?" झुंबरबाईंचा आवाज चढला. "सात म्हयनं झालं हिच्या डोक्याला तेल कोण घालतंय? शेक-शेगडी कुणी केली? डिंकाचं लाडू वळाय तू आलतीस व्हय?"

"मी न्हाय म्हणत झुंबराक्का. स्वप्न म्हणतंय."

"मग स्वप्नाला सांग, माझ्या घरात चार दिवस ऱ्हाऊन बघ म्हणावं!"

झुंबरबाई सूप उचलून आत गेल्या आणि नंतर अर्धा तास स्वयंपाकघरातून भांड्यांचे आवाज येत राहिले. चिमणाबाई गेल्या त्यांच्या घरी. अनुजा तशीच बसून राहिली, मोनाच्या टाळूवरून बोटं फिरवत.

'सोमवारचं जाणं खरं न्हाय' हे ऐकल्यावर आपल्याला सुटल्यासारखं वाटेल, असं तिला वाटलं होतं. महिनाभर ती कारणच शोधत होती. आणि आता आयतं कारण दारात येऊन पडलं, तर उलटंच झालं. कुणीतरी हातातलं काढून घेतल्यासारखं वाटलं. म्हणजे जायचं आहे आपल्याला, हे तिला तेव्हा धडधडीत कळलं. आणि कळल्याबरोबर मोनाकडं बघवेना.

शिवाय स्वप्नातली एक गोष्ट तिनं चिमणाबाईंना सांगितलीच नव्हती.

संध्याकाळी तिचा नवरा सयाजी उद्यमनगरातल्या कारखान्यातून आला. लेथवर उभं राहून राहून त्याचे पाय सुजायचे, म्हणून आल्या आल्या तो पाय भिंतीला टेकवून जमिनीवर आडवा व्हायचा आणि मोनाला छातीवर घ्यायचा. स्वप्नाची हकीकत त्याला आईकडून, तिखटमीठ लावून कळली.

"मला रोज स्वप्नात पेनल्टी मिळती," तो म्हणाला, "आणि रोज बॉल बारवरनं जातोय. म्हणून काय खेळायचं सोडलं मी?"

"खेळायचं सोडून धा वर्सं झाली तुम्हाला," अनुजा म्हणाली.

"ते गुडघ्यामुळं. स्वप्नामुळं न्हाय." मग त्यानं मान वळवून तिच्याकडं बघितलं. "हे बघ, तू ठरव. तू म्हणशील तसं."

'तू ठरव.' माहेरी हुपरीला फोन केला तर पैंजणाच्या कड्या जोडता जोडता आई हेच म्हणायची. सगळे मायेनं म्हणायचे. आणि प्रत्येक वेळी अनुजाला वाटायचं, आपल्या डोक्यावर आणखी एक घागर चढवून सगळे लांब जाऊन उभे राहिले.

ज्ञानू मामा, म्हणजे तिचे सासरे, कोपऱ्यात भाकरी खात होते. पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं काढलेला माणूस. नदीवरच्या बंधाऱ्यांना बरगे घालणाऱ्या टोळीचे ते मुकादम होते. बरगे म्हणजे जाड फळ्या. दिवाळीच्या आगेमागे त्या खांबांमधल्या गाळ्यांत बसवून पाणी अडवायचं आणि पावसाळ्याच्या तोंडावर सगळ्या काढून नदी मोकळी सोडायची, हे त्यांचं आयुष्य. घरात ते फार बोलत नसत. आताही त्यांनी घास संपवला, ताटात पाणी ओतून हात धुतला आणि विचारलं, "किती रुंद व्हता ग तुझा पूल?"

"अरुंदच, मामा. एक बैलगाडी जाईल एवढा."

"आन् पाण्याचा आवाज दोन्ही अंगानं, का एकाच?"

अनुजानं डोळे मिटून आठवलं. "एकाच. उजव्या हाताला. डाव्या हाताला पाणी गप होतं."

"मग त्यो पूल न्हवंच," मामा म्हणाले. "बंधारा हाय त्यो. डावीकडं तुंबलंय, उजवीकडं पडतंय. बंधाऱ्याला कठडा कुठनं असंल?"

मग झुंबरबाई ताडकन उठल्या, खिडकीशी गेल्या आणि मधल्या बोळापलीकडं ओरडल्या, "चिमणाबाई! अगं, पूल न्हवता त्यो. बंधारा व्हता. बंधारा दिसला तर काय असतंय?"

पलीकडची खिडकी उघडली. मग चिमणाबाईंचा पडेल आवाज आला. "बंधारा? बंधारा न्हाय बाई आमच्यात."

सयाजी इतका हसला की छातीवरची मोना दचकली.

"शनवारी चल माझ्यासंगं," मामा अनुजाला म्हणाले. "बरगं घालाय लागलेत. एकदा उघड्या डोळ्यानं बघ, म्हंजे मिटल्या डोळ्यानं भ्या वाटायचं न्हाय."

"आणि मोना?"

"मोना कशाला? तिला काय बरगं उचलायचेत?"

अनुजानं सासूबाईंकडं बघितलं. सात महिन्यांत ती मोनाला टाकून भाजी आणायला, फार तर देवीला गेली होती. तीही अर्ध्या तासाच्या वर नाही.

"जा की," झुंबरबाई म्हणाल्या. "मी बघतो. का त्या चिमणीचं खरं करून दावायचं हाय तुला?"

शनिवारी सकाळी नऊला अनुजानं मोनाला पोटभर पाजलं. निघताना दवाखान्यातल्या सिस्टरनं सांगितलेली युक्ती केली. आपली अंगावरची ओढणी झुंबरबाईंच्या खांद्यावर टाकली, आईच्या वासानं लेकरू शांत राहतं म्हणून. मग मागं न बघता मामांच्या स्कूटरवर बसली.

गाव संपलं, उसाचे मळे लागले. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या उसानं लादून कारखान्याकडं निघाल्या होत्या, त्यांच्या मागं मागं स्कूटर बारीक आवाज करत चालली. एका फाट्यावरून आत वळल्यावर नदी दिसली आणि नदीवरचा तो बंधारा. अनुजा उतरली ती तिथंच थबकली. तोच होता. तोच म्हणजे तसाच. लांब, अरुंद, बिनकठड्याचा.

वर आठ-दहा माणसं कामाला होती. दोन खांबांच्या मधल्या खाचेत एकेक फळी सोडत होती. दोघं वरून दोर धरायचे, एकजण खाली वाकून ती बसली का बघायचा, आणि 'हां, सोड' म्हटल्यावर ती पाण्यात धप्पकन उतरायची. काही गाळे बंद झाले होते, काहींतून पाणी अजून धोधो पडत होतं.

"मुकादम! आज वाट चुकलासा व्हय?" एकानं हाळी दिली.

"सून हाय माझी," मामांनी न विचारताच सांगितलं. "मलकापूरला दवाखान्यात असती. रगत तपासती."

"आमचं बी बघा म्हणावं, बाईसाब. लई पातळ झालंय, घरची म्हणती."

"तुझ्यात रगत हाय व्हय?" दुसरा म्हणाला आणि सगळी टोळी हसली.

'तपासती.' तपासत होती, असं मामा म्हणाले नव्हते. अनुजानं ते ऐकलं आणि मनातल्या मनात ठेवून दिलं.

मामा तिला बंधाऱ्यावरून चालवत निघाले. मधोमध, तिच्यापुढं दोन पावलं. "चिमणाबाईला वाटतंय कठडा न्हाय म्हंजे आधार न्हाय," ते न वळता बोलत होते. "ह्याला कठडा मुद्दामच घालत न्हाईत. पूर आला की समदी नदी ह्याच्यावरनं जाती. ऊस येतोय, झाडांची वंडकं येत्यात, एखाद्या वक्ताला म्हस बी येती. कठडा असला की त्यात अडकून बसतंय, आन् मग त्या वज्यानं कठडा तर जातोच, खालचा बंधारा बी हलतो. म्हणून मोकळा सोडायचा. चार दिस पाण्याखाली जातोय, दिसत बी न्हाय कुठं हाय त्यो. पाणी उतरलं की हाय तिथं हाय."

अनुजा पायाखाली बघत चालत होती. उजवीकडं पाण्याचा आवाज होता, स्वप्नातल्यासारखाच. तिथं मधोमध आल्यावर तिला थांबावंसं वाटलं. आणि इतक्या आवाजात बोललेलं फक्त दोन पावलांवर ऐकू जाईल, असंही वाटलं.

"मामा, एक गोष्ट मी कुणाला सांगितली न्हाय."

ते थांबले.

"स्वप्नात माझे हात मोकळे असतात. मोना नसते हातात. आणि मला..." तिनं पडणाऱ्या पाण्याकडं बघितलं. "मला बरं वाटत असतं. हलकं वाटतं. घाबरतो मी ते नंतर, जाग आल्यावर. असली कसली आई हो मी?"

मागून एक माणूस गवताचा भारा डोक्यावर घेऊन येत होता, त्याला वाट द्यायला दोघं कडेला सरकली. तो त्यांच्या पुढं गेल्यावर मामांनी त्याच्याकडं बोट केलं.

"हात बघ त्याचं."

माणसानं भारा धरला नव्हता. मान ताठ, भारा डोक्यावर आणि दोन्ही हात अंगापासून जरा लांब, मोकळे.

"टोळीत नवा गडी आला की मी पयलं हेच शिकवायचो. बंधाऱ्यावरनं चालताना हातात काय घ्यायचं न्हाय. वजं डोक्यावर घे, खांद्याला लाव, पाठीला बांध. हात गुंतलं की तोल जातोय. मोकळं हात म्हंजे वजं टाकलं असं न्हवं पोरी. चालायचं तर हात मोकळंच लागतात." मग जरा घुटमळून ते म्हणाले, "सयाजी झाला तवा मी पंधरा दिस कासारी नदीवर कामाला हुतो. बारशाला बी न्हवतो. घरची आठवण यायची, आन् कामात जीव बी रमायचा. दोन्ही. बापाला कुणी इचारलं न्हाय, असला कसला बाप म्हणून."

अनुजानं डोळे पुसायला सवयीनं ओढणीकडं हात नेला. ओढणी घरी होती. मग तिनं मनगटानंच पुसलं.

त्यानंतर ती दोघं बराच वेळ बरगे घालणं बघत बसली. शेवटचा गाळा बंद करायची घाई नसते, मामा सांगत होते. एका दिवसात सगळं अडवत नाहीत. थोडे गाळे, मग थांबायचं, पाणी कुठं चढतंय बघायचं, मग पुढचे. अकराच्या सुमाराला अनुजाला छातीत ती ओळखीची कळ आली, दूध भरून आल्याची, आणि कुडता ओला झाला. मोनाची वेळ झाली होती. शरीराला घड्याळ लागत नव्हतं.

"मामा, चला."

त्यांनी विचारलं नाही, का म्हणून. स्कूटरला किक मारली.

गल्लीच्या तोंडाशी आल्यावर अनुजानं कान दिला. रडणं ऐकू येईल या तयारीनं ती आली होती. काहीच ऐकू आलं नाही, आणि त्याची तर तिला जास्तच धास्ती वाटली. चालत्या स्कूटरवरून उतरल्यासारखी ती उतरली.

झुंबरबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या. लुगड्यावर नाचणीचे तांबूस ओघळ, केसांत नाचणी, चष्म्यावर नाचणी. मोना मांडीवर, पण तोंड गल्लीकडं केलेलं, आणि तालमीपुढं चेंडू तुडवणाऱ्या पोरांकडं ती टक लावून बघत होती. बघता बघता झुंबरबाई तिच्या तोंडात चमचा सारत होत्या आणि ती बेसावधपणी गिळत होती.

"रडली?"

"रडली म्हंजे! तालमीतली पोरं बघाय आली, काय झालं म्हणून. तासभर जीव घेतला माझा."

"आणि मग?"

"मग तुझी ती वढणी काढून फेकली." दोरीवर ओढणी धुऊन वाळत घातली होती. "माझ्या अंगाला तुझा वास. पोर आपली तोंड खुपसून तुला हुडकतीया, आन् सापडतोय मी. चिडंल न्हाय तर काय करंल? म्हणलं, मी आजी हाय तर आजीच्याच वासाची असू दे. लुगडं बदललं, तपकीर वढली, आन् घेतली मांडीवर. आई न्हाय हे एकदा तिला पटलं, मग गप झाली. सहा चमचं गेलं पोटात. बाकीचं माझ्या अंगावर."

आवाज ऐकून मोनानं मान वळवली. आई दिसल्याबरोबर तिचं तोंड वाकडं झालं, खालचा ओठ बाहेर आला आणि इतका वेळ जमवून ठेवल्यासारखं मोठं रडं फुटलं.

"हे बघ, ह्येच ते," झुंबरबाई म्हणाल्या. "घे तुझी लेक."

अनुजानं तिला उचलून आत नेलं. मोना पीत होती आणि मधूनच थांबून तिच्याकडं रागानं बघत होती. अनुजानं तो राग सगळा बघून घेतला. तो तिच्याच वाट्याचा होता, आणि सहा चमच्यांनी भागणारा नव्हता. पण झेपेल इतका वाटला.

सोमवारी सव्वासातला ती स्टँडवर होती. कंडक्टर जुन्या पासाची तारीख दाखवून नवा काढायला सांगत होता, आणि त्या बोलण्यात पंचगंगेचा पूल कधी मागं गेला ते तिला कळलं नाही. दवाखान्यात तिच्या टेबलावर धूळ नव्हती. कुणीतरी रोज पुसत होतं. बाहेर बाकावर पंधरा-वीस माणसं बसली होती. तिनं हात धुतले, हातमोजे चढवले आणि पहिल्या म्हाताऱ्याच्या दंडाला पट्टी बांधली. शीर एका दमात सापडली. बोटं विसरली नव्हती. त्या क्षणी तिला हलकं वाटलं, आणि या वेळी ती जागी होती.

अकरा वाजता कळ आली. ती मोरीत गेली, दार लावलं आणि भिंतीकडं तोंड करून दूध पिळून काढलं. ते पाण्याबरोबर वाहून जाताना बघताना रडू आलं. तेही तिनं तिथंच संपवलं. तोंड धुऊन बाहेर आली.

फोन मात्र करायचा नाही, असं झुंबरबाईंनी बजावलं होतं. आवाज ऐकला की पोर परत सुरू होईल म्हणून. दीड वाजता त्यांचाच आला.

"आत्ती? काय झालं?"

"काय व्हायचंय? झोपली." मागं गल्लीतला गलका ऐकू येत होता. झुंबरबाईंनी आवाज बारीक केला, जे त्यांना मुळात जमत नव्हतं. "सकाळी पाऊण तास बोंबलली. मग खाल्लं थोडं."

"किती?"

"मोजलं न्हाय. चिमणाबाई पोरांस्नी चेंडू खेळाय हाकलत हुती, मी चमचा सारत हुतो. आमचं आम्ही बघतोय. तू संध्याकाळी उशीर करू नको म्हंजे झालं, सहानंतर माझ्या अंगात ताकद ऱ्हात न्हाय."

"न्हाय करत. साडेचारची गाडी धरतो."

"आन् तुझं? रगत काढाय येतंय का विसरलीस?"

"येतंय, आत्ती."

"मग काढ की. फोनवर काय बसलीस?"

फोन बंद झाला. अनुजानं डबा उघडला. भाकरी, वांग्याचं भरीत, आणि एका कोपऱ्यात डिंकाचा लाडू. तिनं आधी लाडूच मोडला. बाहेर अजून चार माणसं बसली होती.